एक वजा

तासगावात, सावळज रस्त्याला,
आमच्या कोल्ड स्टोअरेजच्या लांब बोळात एकतीस बल्ब आहेत.
प्रत्येकाचं बटण वेगळं.
असं का केलं, हे विचारायला तो वायरमन आता नाही.

मी गेटपास फाडते.
आदगोंडा चौगुले रात्रपाळीला असतो,
कानटोपी, वर मफलर,
बेदाण्याची पंधरा किलोची पेटी
शाळेच्या पाटीसारखी छातीशी धरलेली.
शहाण्णव पेट्या आल्या की बारा आठे, चौकोनी थप्पी, स्वारी खूश.
सत्त्याण्णव आल्या की आधी एक शिवी, मग:
"ही एक कुठं ठिवू, डोस्क्यावर?"

एका हिवाळ्यात म्हणाला, "ताई,
ह्या एकतिसांत निदान एक तरी दिवा लागलेला पायजे,
तर किती तऱ्हा हुतील?"
मी म्हटलं, मोज की.
काट्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर
तो दुप्पट करत गेला, दोन, चार, आठ, सोळा,
एकतीस दिव्यांची एकतीस दुपटी,
आणि शेवटी सगळे विझलेले असतात ती तऱ्हा काढून टाकली.
"काळोख हिशोबात धरायचा न्हाई."
एक वजा.
उरले दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

तिथं थांबायला हवं होतं.
पण थप्पी लावणारा माणूस.
एवढ्या पेट्या आल्या, तर चौकोन बसेल का?

तीननं भागलं, एक उरली.
सातनं एक. अकरानंही एकच.
तेरानं दहा.
एकतीसनं, म्हणजे जितके बल्ब तितक्यांनी,
पुन्हा तीच एक, दारात उभी.
चारनं, सहानं भागायचं नाही हे त्याचं त्यालाच सुचलं.
ज्यांची स्वतःची थप्पी लागत नाही
तेवढेच आकडे घ्यायचे.
हट्टी माणसाकडं हट्टीच पाठवावा लागतो.

दोन हंगाम गेले.
सौद्याच्या आदल्या रात्री चारशे पेट्या उतरवून
गंधकाच्या वासात
हा खाली बसून भागाकार करायचा, बोटं वाफेनं ऊब देत.
मी सकाळी येऊन तपासायचे.
कुठं हातचा राहिलेला असला तर लाल पेन.

एका सकाळी पावतीवर एकच ओळ होती:
भाजक ४६,३३७. भाग ४६,३४४. बाकी ४१,७१९.
खाली दोन रेघा.
का थांबलास?
"भाग आन् भाजक खांद्याला खांदा लावून आल्यात बघा,
सातचाच फरक ऱ्हायला.
आता फुडं कोण गावला असता
तर त्याचा जोडीदार मागंच गावला असता."

मी पावत्या मोजल्या.
चार हजार सातशे ब्याण्णव भागाकार,
एकही निःशेष नाही.
एवढी मोठी संख्या, आणि तिची रांग एकच:
एकामागं एक, एकामागं एक,
सावळज सोडून, जिल्हा सोडून, कुठवर कोण जाणे.

त्याचा पुतण्या कुबेर सुट्टीला आला होता.
त्यानं फोनमध्ये आकडा टाकला,
वर न बघताच म्हणाला, "मूळ संख्या आहे, काका."
मला वाटलं, आदगोंडाचा चेहरा पडणार.
त्यानं विचारलं, "तेरानं भागल्यावर काय उरतंय, सांगतोय का तो?"
कुबेर म्हणाला, दहा.
"बराबर हाय,"
आदगोंडानं फोनला पास केलं
आणि पेटी उचलली.

परवा वळवात लाईट गेली.
कॉम्प्रेसर गप्प. बोळात आपलाच हात दिसेना.
कुठूनतरी त्याचा आवाज आला:
"ताई, हीच ती. वजा केल्याली."

मी तशीच उभी राहून मनात ती मिळवून बघितली.
आणि कुणालाच दाद न देणारी ती संख्या
मुकाट्यानं निम्मी झाली, त्याची निम्मी, त्याची निम्मी,
एकतीस वेळा,
एक पेटी उरेपर्यंत.
एवढ्याशा काळोखानं.

मग जनरेटर खोकला, लागला.
त्याच्यावर तीनच बल्ब आहेत:
चौथा, नववा आणि अगदी टोकाचा.
"ही कितवी तऱ्हा?" मी विचारलं.

आदगोंडा खिशात पेन्सिल चाचपायला लागला.